चार दिवस समुद्राकाठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. मंडळातले माझे काम म्हणजे हळदीकुंकवाला तिळगूळ वाटायचा आणि कार्यक्रम संपला की सतरंज्या मोजून कपाटात ठेवायच्या. तेव्हा "यंदाची सहल कोठे न्यावी, यावर तुम्ही चार शब्द बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले, तशी माझी गाळणच उडाली. पण गेल्या जानेवारीत मंडळातल्या आम्ही पाचजणी कोकणात मुरुडला चार दिवस राहून आलो, आणि तेव्हापासून मी भेटेल तिला त्याच गोष्टी सांगत सुटले आहे. रोज जिन्यात सांगते तेच आज येथे उभी राहून सांगते, म्हणजे झाले.

मुरुड म्हटले की पुष्कळजणींना जंजिऱ्याचे मुरुड आठवते. ते रायगड जिल्ह्यातले. मी म्हणते ते रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीपासून दहा-बारा किलोमीटरवरचे छोटे गाव. गावातून एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांच्या आत कौलारू घरे, घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाडी संपली की समुद्र. पाहण्यासारखे असे एवढेच. दुकाने नाहीत, बाजार नाही, रोषणाई नाही. आमच्या घरी मी बेत सांगितला तेव्हा "तेथे जाऊन करणार काय?" असाच पहिला प्रश्न आला. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज देते.

आधी आपण आपल्या आजवरच्या सुट्ट्या आठवू या. लग्नानंतर आपण कोठे कोठे गेलो? माहेरी गेलो, ते बहुधा बाळंतपणाला किंवा आई आजारी पडली म्हणून. लग्नामुंजींना गेलो, तेथे पदर खोचून वाढायला उभ्या राहिलो. देवदर्शनाला गेलो, रांगेत पाच तास आणि देवापुढे पाच क्षण. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची सगळी एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. खोली महाग म्हणून एकच घेतली. सकाळी सहाला उठून सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या, बरोबर आणलेला चिवडा-लाडू डब्यांत भरायचा आणि गाडीत बसून हा पॉइंट, तो पॉइंट करत फिरायचे. प्रत्येक पॉइंटवर माणसांच्या डोक्यांपलीकडे दरी आहे, असे ऐकून परत यायचे. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ताप आला. घरी आल्यावर दोन बादल्या कपडे धुताना माझ्या मनात आले, की सहलीला घर गेले होते आणि मी घराबरोबर गेले होते, इतकेच.

म्हणून मुरुडला जाण्याचे पहिले कारण मी हे सांगेन, की तेथे पाहायचे थोडे आहे. घाई करायला जागाच नाही. पहिल्या दिवशी आम्ही स्वारगेटहून सकाळच्या एस. टी.ने निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मग मंडणगडवरून दापोली, असे करत पोचेपर्यंत दुपार कलली. एका घरगुती खाणावळीत उतरलो. हातपाय धुतले, चहा घेतला आणि वाडीतून चालत समुद्रावर गेलो. ओहोटी होती. ओल्या सपाट वाळूवर दूरवर कोणी नाही. आम्ही पाचजणी पाण्याकडे तोंड करून ओळीने बसलो.

मैत्रिणींनो, तुम्हाला हसू येईल, पण मला बसताच येईना. दहा मिनिटे झाली नाहीत तोच हात काहीतरी शोधू लागले. मटार सोलायला असते तर बरे, लोकर आणली असती तर बरे, असे वाटू लागले. घरी दूध तापवले असेल का, गॅसचा नळ बंद केला असेल का, हे मनात चालूच. शेजारी पाहिले तर आमच्यातल्या सर्वांत वडील काकू वाळूतले शिंपले उचलून आकाराप्रमाणे लावत होत्या, जशा काही डाळीच निवडत होत्या! तेव्हा कळले, की नुसते बसणे हीदेखील शिकायची गोष्ट आहे आणि ती आपल्याला कोणी शिकवलेली नाही. मला ती येऊ लागली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. भरती येते, ओहोटी जाते, आणि त्यासाठी तुम्हाला काही करावे लागत नाही. घरात असे एकही काम नाही बघा, जे आपण हात न लावता आपले आपण होते.

दुसरे कारण जेवणाचे. जेवण साधेच. सकाळी घावन किंवा मऊ भात-मेतकूट, दुपारी भात, आमटी, फणसाची नाहीतर केळफुलाची भाजी, सोलकढी, रात्री कुळथाचे पिठले. मासे खाणाऱ्यांना मासे, न खाणाऱ्यांची चूल वेगळी. पण सांगायचे ते निराळेच आहे. पहिल्या सकाळी काकूंच्या पानात पहिला गरम घावन पडला. त्यांनी तो सवयीने उचलून माझ्या पानात टाकला. खाणावळीच्या मालकीणबाई तव्याजवळून म्हणाल्या, "काकू, तो तुमचाच होता. दुसरा येतोच आहे." काकू म्हणाल्या, "मला मागाहून चालेल हो." आणि मग आम्ही पाचहीजणी एकदम गप्प झालो. कारण आमच्यातल्या कोणीच घरी पहिली पोळी खात नाही. तव्यावरून उतरलेले आपल्या पानात पडावे, असा दिवस आपल्या वाट्याला केव्हा येतो? अशाने जेवणाची चव कळते. नारळाच्या चटणीत त्या लसूण घालतात, हे मला पहिल्या घासाला कळले. घरी मी चटणी गार झाल्यावर खाते, तेव्हा मीठ कमी होते का एवढेच पाहते.

आता तिसरे कारण, आणि ते मला फार मोठे वाटते. या मुलखात इतिहास आहे, पण तो काचेच्या कपाटात नाही. जवळच्या हर्णे बंदरातून होडीने सुवर्णदुर्गावर जाता येते. धक्का नाही, तेव्हा शेवटी पाण्यात उतरावे लागते. लुगडे असो की पंजाबी पोशाख, घोट्याच्या वर खोचायची तयारी ठेवा. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि बाजूच्या तटावर मारुती. हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला आणि त्यांच्या आरमाराचे ते एक बळकट ठाणे झाले. पुढे आंग्र्यांचे आरमार येथे नांदले. १७५५ साली मात्र तुळाजी आंग्र्यांशी वाकडे आले म्हणून पुण्याच्या पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. समुद्रातून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तोफा डागल्या आणि सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गही पडला आणि तेथे तुळाजींचे आरमार जळाले. त्या तटावर उभे राहून मला वाटले, शनिवारवाडा आपण येताजाता पाहतो, मुलांना दाखवतो. पण घरातले भांडण मिटवायला परक्याला बोलावले म्हणजे काय होते, ते पाहायला येथे यावे. आपल्या चाळींतल्या आणि सोसायट्यांतल्या भांडणांनाही हे लागू आहे. मी अधिक बोलत नाही.

संध्याकाळी हर्णे बंदरावर माशांचा लिलाव असतो. होड्या दूर उभ्या राहतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी काठावर आणतात. आमच्यातल्या दोघी माळकरी. त्या नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण तेथून हलेनात. आवाज चढवून भाव करणाऱ्या कोळणी पाहून एक म्हणाली, "मंडळाच्या सभेत आपण इतक्या मोठ्याने बोललो असतो तर वर्गणी केव्हाच वाढवून घेतली असती!" तेथून खाडीपलीकडे आंजर्ले. तेथला कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा. पूर्वी खाडी होडीने ओलांडावी लागे, आता पूल झाला आहे. वर देवळापाशी उभे राहिले की खाली माडांची गर्दी, पुढे समुद्र आणि समुद्रात तो सुवर्णदुर्ग. काकूंनी तेथे हात जोडले ते गणपतीला की समुद्राला, त्यांनाच ठाऊक.

पण मुरुडला जाऊन ज्याच्यासाठी थांबायचे, ती जागा गावातच आहे. आपण पुणेकर बायका आयुष्यभर कर्वे रस्त्याने जातो-येतो. कर्वेनगरला भाजी आणायला जातो. हे कर्वे कोठले? या मुरुडचे. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. याच गावात ते लहानाचे मोठे झाले. सरकारी नोकरीसाठी लागणारी सहावीची परीक्षा द्यायला ते सोबत्यांबरोबर भर पावसात शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्याला गेले होते. वय भरत असूनही "तू लहान दिसतोस," म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. मी स्वतः सातवीपर्यंत शिकले. शाळा लांब म्हणून माझे नाव काढले, आणि ती शाळा किती लांब होती, तर तीन मैल. ही गोष्ट वाचल्यापासून मी माझ्या मुलीच्या शिक्षणात 'लांब' हा शब्द घरात काढू दिलेला नाही.

पहिली पत्नी वारल्यावर कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला. त्या गोदूबाई, पुढे आनंदीबाई आणि सगळ्यांच्या बाया कर्वे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर दोघे मुरुडला आली तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. धोंडोपंतांना घरात घेतले तर त्या घरालाही वाळीत टाकू, असा धाक घातला. म्हणजे ज्या आईने वाढवले तिला मुलाला आणि सुनेला ओटीवर घ्यायची चोरी. आणि हा तोच मुलगा, ज्याने गावकऱ्यांकडून पैसा पैसा गोळा करून गावाच्या कामासाठी 'मुरुड फंड' उभा केला होता!

सकाळी आम्ही त्या सरळ रस्त्याने चालत होतो. पक्षी ओरडत होते, गडग्यांवर ऊन पडले होते, कोणाच्या तरी अंगणात सुपारी वाळत होती. इतके शांत गाव. मला वाटले, याच रस्त्याने बाया चालल्या असतील तेव्हा या गडग्यांआडून किती डोळे पाहत असतील! शांत गाव हे सगळ्यांना सारखेच शांत नसते. आज त्याच गावात कर्व्यांचे स्मारक आहे. ज्या नवऱ्या-बायकोला गावाने दूर लोटले, त्यांनी १८९६ साली आपल्या पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. त्याच्यासाठी बाया दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ झाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. आपण आज येथे मंडळ काढून, हिशेब लिहून, भाषणे करून बसलो आहोत, त्याची एक वाट त्या गडग्यांमधल्या रस्त्यावरून आली आहे. बायांनी आपली हकीकत 'माझे पुराण' नावाने सांगून ठेवली आहे. आपल्या वाचनालयात ती असायला हवी.

आता जे सांगते ते सांगावे की नाही, याचा मी विचार केला. पण सहलीच्या गोड आठवणीच सांगायच्या, तर खरे निम्मेच होईल.

तिसऱ्या दुपारी मी पाणी मागायला स्वयंपाकघरात गेले. तीन वाजून गेले होते. मालकीणबाई एकट्याच पाटावर बसून जेवत होत्या. भात गार झालेला, आमटीचे पातेले खरवडलेले. मला पाहून त्या उठायला लागल्या. मी म्हटले, "बसा, बसा." आणि माझ्या पोटात कालवले. पहाटे चारला उठून ही बाई आमच्यासाठी घावन घालते. आम्हाला पहिला घावन मिळावा म्हणून ही शेवटची जेवते. मग माझी विश्रांती म्हणजे काय? माझे ओझे काढून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवले, इतकेच ना?

मी तेथेच बसले आणि त्यांना तसे विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, आधी काय मी झोपा काढत होते? वाडीवर गडीमाणसे असत, त्यांचा चहा, जेवण, सुपारी सोलणे, सगळे मीच करत होते. तेव्हाही दमत होते. तेव्हा कोणी मोजत नव्हते." मग त्यांनी २०२० सालच्या ३ जूनची हकीकत सांगितली. निसर्ग चक्रीवादळ आले आणि एका दिवसात त्यांची वाडी झोपली. सासऱ्यांनी लावलेले माड मुळासकट उपटले, पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. घरावरची कौले उडाली. नवी पोफळ लावली तरी सुपारी यायला पाच-सात वर्षे, माडालाही तितकीच किंवा अधिक. तोवर खायचे काय? तेव्हा त्यांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या आणि ही खाणावळ वाढवली. "वाडीचे पैसे यांच्या हातात यायचे, कारण व्यापारी ओटीवर बसून हिशेब करायचा," त्या म्हणाल्या. "खाणावळीचा हिशेब चुलीपाशी होतो. मुलीची कॉलेजची फी मी भरते. तुम्ही आलात म्हणून भरते. दया नका करू, पुन्हा या. आणि येताना दोन दिवस आधी कळवा, म्हणजे मला धावपळ होत नाही."

मैत्रिणींनो, या बोलण्यावर मी परतीच्या सगळ्या वाटेत विचार करत होते. त्यांचे काम आणि माझे काम एकच. त्यांच्या कामाला मोल मिळाले, कारण ते परक्यांनी खाल्ले. मी पैसे मागत नाही. घरच्यांच्या जेवणाचे बिल काय करायचे! पण मोजावे, एवढे तरी घरात व्हावे की नाही? घरी आल्यावर मी एकच नियम केला. रविवारी रात्री मी पहिल्या पंगतीला बसते. खरे सांगायचे तर पहिले दोन रविवार पोळ्या मीच आधी करून ठेवल्या होत्या. तिसऱ्या रविवारी मुलाने खिचडी टाकली. खाली लागली होती. पण पहिली वाढ माझ्या ताटात पडली, आणि ती मी कोणाच्या ताटात ढकलली नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून संपवते. जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. मे महिन्यात आंबे असतात, पण घामाच्या धारा लागतात आणि गर्दीही होते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, किल्ल्यावर होड्या जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी उत्तरेला मंडणगड तालुक्यातले वेळास पाहावे. नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे ते मूळ गाव. तेथल्या किनाऱ्यावर समुद्री कासविणी अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी लोक नेत असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखली. आता पिल्ले समुद्राकडे सोडताना पाहायला माणसे येतात आणि गावातल्या घराघरांतून त्यांची राहण्याजेवण्याची सोय होते. रेल्वेने जायचे तर खेड स्टेशनावर उतरून दापोलीची एस. टी. मिळते.

तेथे जाताना आपण गिऱ्हाईक म्हणून नव्हे, पाहुण्या म्हणून जाऊ. किती माणसे, कोण काय खात नाही, हे आधी कळवावे. जेवायच्या वेळेला हजर राहावे, म्हणजे त्या बाईलाही तीनच्या आत दोन घास मिळतील. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या आपल्या आपण परत आणाव्या. त्या टाकायला तेथे समुद्राखेरीज जागा नाही. पाण्यात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. ओहोटीची ओढ वरून दिसत नाही. आणि घासाघीस मंडईत करावी, तेथे करू नये.

माझी मंडळाला एवढीच विनंती आहे, की यंदाची सहल मुरुडला न्यावी, आणि ज्या भगिनी घरच्या कामामुळे कधीच सहलीला येत नाहीत, त्यांची नावे यादीत सगळ्यांत आधी घ्यावी. "घरी कोण पाहील?" असे त्या म्हणतील. मीही म्हणत होते. चार दिवसांनी परत आले तेव्हा घर जागेवर होते. दूध एकदा उतू गेले होते, एवढेच.

 सतरंज्या मात्र आज कोणीतरी दुसरीने मोजाव्या.